बारा शिश्या

तिसऱ्यांदा माल परत आला आणि शहजादमियांच्या तोंडचं पाणी पळालं. पहिल्या वेळी त्यांनी नशिबाला बोल लावला होता, दुसऱ्या वेळी उन्हाळ्याला. आता बोल लावायला स्वतःशिवाय कोणी उरलं नव्हतं.

पाच लाकडी पेट्या, एकेका पेटीत बारा शिश्या. तपासणी केंद्रातल्या सत्यभामाने त्या रिक्षातून उतरवून दुकानाच्या फळीवर मांडल्या आणि पदराने मान पुसली. दुकान म्हणजे दारव्ह्याच्या बाजाराच्या तोंडाशी चार हातांचा खोका. आत तीन पिढ्यांचं अत्तर, बाहेर तीन वर्षांपासून गिऱ्हाइकांची वाट. कापसाने सगळा मुलूखच बसवला होता. लोक लग्नंसुद्धा आवाज न करता उरकत होते, तिथे अत्तराचा फाया कानात कोण खोचणार?

"सगळा परत?" शहजादमियांनी विचारलं.

"सगळाच, चाचा. एक पेटी तेवढी नागपूरवाल्यायले दाखवाले ठेवली. मॅडमनं एकएक शिशी नाकाले लावली अन् बाजूले सारली. मनल्या, पाणी भरलं आहे."

"पाणी!"

"मी काय करू जी? मले तं वास येऊन राह्यला. तसं मनलं बी. तं मनल्या, तुह्या हाताले लागला असंल."

सोबत चिठ्ठी होती. शहजादमियांनी ती उजेडात धरून दोनदा वाचली. माल भेसळीचा आहे, सोमवारी नागपूरहून संस्थेची माणसं येतील, त्यांच्यापुढे हा पुरवठा कायमचा बंद करण्याचा प्रस्ताव ठेवणार आहे. खाली सही: डॉ. कहकशां.

त्यांची नजर 'भेसळ' या एका शब्दापाशीच अडली. अत्तरवाल्याला महागडा म्हणा, लबाड म्हणा, तो हसून घेईल. पण त्याच्या मालात भेसळ आहे म्हटलं की त्याच्या बापाच्या कबरीवर थुंकल्यासारखं होतं. आणि ही गोष्ट पेटीत बंद राहिली नव्हती. शेजारच्या पानटपरीवरून लालसिंग ओरडलाच, "मियां, दोन थेंब नळाचं आमाले बी द्या ना! उद्या पोरीले पाहायले पाव्हणे येऊन राह्यले!"

एरवी शहजादमियांनी त्याला उलट सुनावलं असतं. आज त्यांनी पेट्या उचलून आत नेल्या.

कहकशां काही परकी नव्हती. फवारणीच्या पंपांची दुरुस्ती करणाऱ्या रहेमान मिस्त्रीची ती धाकटी लेक. रहेमान आणि शहजादमियां यांची दुकानं एकेकाळी समोरासमोर होती. एकाकडे कापसावरच्या औषधाचा उग्र दर्प, दुसऱ्याकडे खस आणि मोगरा. दोघं एकमेकांना म्हणत, तुझ्यामुळे माझं गिऱ्हाईक पळतं. मुलगी हुशार निघाली. यवतमाळात शिकली, नागपुरात डॉक्टर झाली, तिथून बंगळुरूला गेली आणि मग पार साता समुद्रापलीकडे. तिथे ती उंदरांच्या मेंदूचे कांद्याच्या पातीसारखे पातळ काप करून काचेवर पाहायची. कंपवात कुठून सुरू होतो ते शोधायची.

ती तिकडे उंदरांत गुंतलेली असताना इकडे रहेमानच्या बोटांतून पाना गळून पडायला लागला. आधी उजवा हात थरथरला, मग डावा, मग चालणं. शेवटी शेवटी तर त्याला घोट गिळता येईना. कहकशां परतली ती बापाला माती द्यायलाच. चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला तरी ती गेली नाही. शहजादमियांना म्हणाली होती, "चाचा, माझ्या उंदरांना मी सुई टोचून फवारणीचंच औषध देते, मग त्यांचे पाय थरथरतात. इथे तर माणसं पाठीवर तेच औषध घेऊन शेत फिरतात. मी तिकडे कायले बसू?"

बापाच्या बंद दुकानातच तिने केंद्र उघडलं. भिंतीवर मेंदूचं चित्र लावलं, संस्थेकडून थोडं पाठबळ मिळवलं आणि सत्यभामाला मदतीला घेतलं. सत्यभामा बाभुळगावकडची, दवाखान्यात काम केलेली, पायाला भिंगरी लावून फिरणारी बाई. दोघी जीपमध्ये बसून पार मुकुटबनपर्यंत जात. कोणी किती वर्षं फवारणी केली ते विचारत, चालायला लावत, बोटं उघडमीट करायला सांगत. आणि वासाची परीक्षा घेत.

वासाचं प्रकरण तिनेच शहजादमियांना समजावलं होतं. हात थरथरण्याआधी कधीकधी दहा दहा वर्षं नाक मंदावतं. परदेशातून वासाच्या कांड्या मागवल्या तर त्यात कुठल्या तरी फळाचा नि मिठाईचा वास, जो मुकुटबनच्या माणसाने जन्मात घेतलेला नाही. तेव्हा ती म्हणाली, "चाचा, इथल्या माणसाला ओळखू येतील असे बारा वास मला भरून द्या." मग हिंग, लसूण, जिरं, कापूर, लिंबू, मोहफूल, तंबाखू, खोबरेल, चंदन, गुलाब, विलायची आणि रॉकेल असे बारा ठरले. प्रत्येक वासाला चार नावं वाचून दाखवायची, माणसाने त्यातलं एक सांगायचं. सात वर्षं शहजादमियांनी त्या शिश्या भरल्या. माल गावोगावी जाण्याआधी कहकशां एकेक शिशी हुंगून पास करायची, हा तिथला कायदाच होता.

एकदा शिबिरात ते सोबत गेले होते. नागोराव नावाचा सत्तरीचा म्हातारा बाराच्या बारा शिश्या हुंगून छाती काढून बोलला, "येते ना वास! सगळ्याचा येते!" आणि नावं विचारली तर हिंगाला खोबरेल म्हणाला. सगळे हसले, तर तो म्हणतो कसा, "म्हणूनच मी बायकोच्या भाजीले कधी नावं नाई ठेवली. संसार असा टिकवला जातो बाप्पा!" परतताना कहकशां जीपमध्ये त्याचाच फॉर्म पाहत होती. मग म्हणाली, "चाचा, ज्याचा वास जातो ना, त्यालाच तो गेल्याचं ठाऊक नसतं. हळूहळू जातो. आठवणीतला वास नाकात आहे असं त्याला वाटत राहतं."

हे सगळं आठवून शहजादमियांना अधिकच लागलं. ज्या पोरीला अंगाखांद्यावर खेळवलं, तिने आपल्याला भेसळवाला ठरवावं?

घरी जाऊन त्यांनी परत आलेल्या पेटीतली हिंगाची शिशी उघडली. बायको अस्मा आतल्या खोलीत भाकरी थापत होती. तिथूनच ती ओरडली, "हिंग सांडलं काय वो? काजीसाहेबांच्या घरापर्यंत वास गेला असंल!"

म्हणजे माल चोख होता. हिंग त्याच किराणावाल्याचं, गुलाब त्याच कनौजच्या माणसाकडचा, शिश्या त्याच. मग बदललं काय? शहजादमियांनी पास झालेली एक जुनी, रिकाम्या शिश्यांची पेटी काढून नव्या पेटीशेजारी ठेवली आणि टक लावून पाहत बसले. आणि एकदम उठून उभे राहिले.

बदलली होती फक्त शिशीवरची चिठ्ठी. आधी प्रत्येक शिशीवर कहकशांच्या हाताने नाव लिहिलेलं असायचं: हिंग, लसूण, गुलाब. ते झाकायची गरज कोणाला वाटली नव्हती, कारण तपासायला येणाऱ्या म्हाताऱ्यांना वाचता कुठे येत होतं? मग होळीनंतर नागपूरहून पत्र आलं: आता पुष्कळ जण वाचू शकतात, नाव वाचूनच उत्तर देतात, तेव्हा शिशीवर नाव नको, नुसता आकडा टाका आणि आकड्यांची यादी बंद पाकिटात ठेवा. तेव्हापासून आकडे आले. आणि तेव्हापासूनच माल नापास व्हायला लागला.

पहिली आकड्यांची खेप तर सत्यभामा घाईत कहकशांकडून पास करून न घेताच घेऊन गेली होती. दोनशे चौदा माणसं तपासली, त्यात एकसष्ट नापास निघाली. इतकी कधीच नव्हती निघाली. कहकशां चक्रावली. तिने पेटी मागवून स्वतः हुंगली आणि म्हणाली, "यात वासच नाही, लोक काय सांगणार?" त्या एकसष्ट जणांना निरोप गेला: तुम्ही ठीक आहात, शिश्या खराब होत्या.

शहजादमियांच्या डोक्यात तिडीक उठली. "समजलं! ती वास घेतच नाई. सात वर्षं नुसती नावं वाचून पास करून राह्यली होती. आता नाव नाई तं तिले काई समजत नाई, म्हणून माल खराब! स्वतःची कामचुकारी माह्या बापाच्या नावावर!"

"असं बोलू नये," अस्मा पिठाचे हात घेऊन बाहेर आली. "मिस्त्रीची पोरगी आहे ते."

"मिस्त्रीची आहे म्हणूनच सोमवारच्या आधी तिले तिच्याच खुर्चीत खोटी पाडून दाखवतो."

त्यांनी जुन्या पेटीतल्या रिकाम्या शिश्यांवरच्या चिठ्ठ्या वाफेवर धरून अलगद सोडवल्या. मग नव्या शिश्यांवर त्या चिकटवल्या, पण उलट्यापालट्या. हिंगाच्या शिशीवर 'चंदन'. लसणावर 'विलायची'. आणि रॉकेलच्या शिशीवर, कहकशांच्याच सुबक अक्षरातला 'गुलाब'. शेंबडं पोरही ओळखेल. जी बाई शिशी नाकाशी नेल्याचं नुसतं सोंग करते तिचं सोंग तिथल्या तिथे उघडं पडेल.

शनिवारी सकाळी ते केंद्रात गेले. कहकशां टेबलाशी कागद चाळत होती. पन्नाशीची, बारीक, केस कानामागे घट्ट ओढलेले. समोर सत्यभामा फॉर्म लावत होती.

"या चाचा," ती म्हणाली, पण बसा म्हणाली नाही. "चिठ्ठी मिळाली असेल. मलाही बरं नाही वाटलं लिहिताना."

"नवा माल आणला, डॉक्टरबाई," शहजादमियां बेटी म्हणाले नाहीत. "हे शेवटचं पाहून घ्या. नाव लिहून आणलं आहे, पह्यल्यासारखं. नंबर मागून टाका."

"नाव कशाला?"

"मले नंबरात घोटाळा वाटते."

तिने खांदे उडवले आणि पेटी ओढली. पहिली शिशी 'चंदन'. आत हिंग. तिने झाकण काढलं. सत्यभामाने तिकडे एकदम मान वळवली, पण शहजादमियांनी डोळ्यांनीच तिला गप्प केलं. ते फक्त कहकशांकडे पाहत होते. आता ही शिशी हातभर दूर ठेवेल, चिठ्ठी वाचेल आणि बाजूला ठेवेल, मग मी बोलेन. वाक्य जिभेवर तयार होतं.

पण कहकशांने शिशी दूर ठेवली नाही. ती तिने अगदी नाकपुडीला टेकवली, डोळे मिटले आणि सावकाश, पोट भरून श्वास घेतला. एकदा. पुन्हा एकदा.

"हां," ती म्हणाली. "चंदन. असं पाहिजे, चाचा."

शहजादमियांच्या जिभेवरचं वाक्य तिथेच वाळलं.

दुसरी शिशी. लसूण. तिने तसाच मन लावून श्वास घेतला. "विलायची. थोडी फिकी आहे, पण आहे."

सोंग असं नसतं. शहजादमियांनी आयुष्यभर माणसांना अत्तर हुंगताना पाहिलं होतं. घेणारा कसा हुंगतो, फुकट्या कसा हुंगतो, नवरदेवाचा बाप कसा हुंगतो. ही बाई खरोखर हुंगत होती. जीव ओतून हुंगत होती. थांबवावं असं वाटलं, हात पुढे झाला, पण तोवर तिने तिसऱ्या शिशीचं झाकण काढलं होतं.

रॉकेलचा भपकारा खोलीभर पसरला. सत्यभामाने पदर नाकाला लावला. एक थेंब शिशीच्या काठावरून कहकशांच्या बोटावर ओघळला. तिने डोळे मिटले, श्वास घेतला आणि तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. लहानपणी ती फाया मागायला समोरच्या दुकानात यायची, तेव्हा यायचं तेच.

"गुलाब," ती म्हणाली. "अब्बूंच्या ईदच्या कुर्त्याचा."

बाहेर कुठली तरी काळीपिवळी जीप भोंगा वाजवत सवारी बोलावत होती. "आर्णी, आर्णी, आर्णी!"

कहकशांने डोळे उघडले. तिला नाकाला पदर लावलेली सत्यभामा दिसली. भिंतीला हात टेकून उभे असलेले शहजादमियां दिसले.

"काय झालं?"

सत्यभामाने पदर आणखी घट्ट दाबला.

"सत्यभामा, नाक कशाला झाकलंस?"

"मॅडम..." सत्यभामाने शिशीकडे बोट केलं. "ते... त्यात..."

कहकशांने शिशीकडे पाहिलं. चिठ्ठीकडे पाहिलं. पुन्हा शिशी नाकाला लावली आणि आता असा श्वास ओढला की छाती दुखावी. मग बोटावरचा थेंब अंगठ्याने चोळला. आणि काही न बोलता उठून कपाटातून कापसाचा बोळा काढला, त्यावर शिशी उपडी केली, बोळा चिमट्यात धरला आणि काडी ओढली.

बोळा भडकन पेटला. पिवळी ज्योत वितभर उंच गेली, काळा धूर मेंदूच्या चित्रावर चढला.

कहकशां जळत्या बोळ्याकडे बघत राहिली. तो विझून चिमट्यात काळा गोळा उरला तरी ती बघतच होती. सत्यभामाने पुढे होऊन चिमटा तिच्या हातातून काढून घेतला.

"बेटी," शहजादमियां कसेबसे म्हणाले. "मी घाण केली. मले वाटलं तू वास न घेताच... मले माफ कर. वास जायची शंभर कारणं असतात. तूच सांगते ना? सर्दी असते, तपकीर असते, डोक्याले मार असते..."

"मला सर्दी नाही, चाचा." तिचा आवाज कोरा होता. "तपकीर मी ओढत नाही."

दोघांचीही नजर नकळत तिच्या हातांकडे गेली. तिच्या ते लक्षात आलं. तिने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. बोटं स्थिर होती.

"अजून नाही," ती म्हणाली. "पाहून घ्या."

शहजादमियांनी मान फिरवली.

ती उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि तपासायला आलेली माणसं ज्या स्टुलावर बसत त्यावर बसली. "सत्यभामा, आकड्यांची पेटी काढ. तिसऱ्या खेपेची. पाकीट तुझ्याजवळ ठेव, मला दाखवू नकोस. आणि कोरा फॉर्म घे."

"मॅडम, आज नको. घरी जा तुमी. उद्या पाहू."

"तू गावातल्या माणसाला असं म्हणतेस का?"

सत्यभामाने फॉर्म घेतला. नेहमीचे प्रश्न, तोंडपाठ झालेले. पण आज तिला ते वाचून विचारावे लागले. "नाव... माहीत आहे. वय?"

"एक्कावन्न."

"घरात कोणाला कंपवात?"

"वडील."

"फवारणीच्या औषधाशी संबंध?"

"लिही. वय सहा ते सोळा. पंपाच्या नोझलमधला कचरा तोंडाने फुंकून काढत असे. शाळेतून आल्यावर, रोज. हंगामात दिवसाला वीस-पंचवीस."

शहजादमियांच्या डोळ्यांपुढे ते दुकान उभं राहिलं. इथेच, याच फरशीवर, पोत्यावर बसलेली दोन वेण्यांची पोर, ओठांत पितळी नोझल, गाल फुगलेले. ते समोरून ओरडायचे, "रहेमानभाई, तुमची पोरगी शहनाई मस्त वाजवते!" आणि रहेमान खो खो हसायचा. तिघंही हसायचे. शहजादमियां उंबऱ्यावरच खाली बसले.

बारा शिश्या झाल्या. सत्यभामा एकेक शिशी तिच्या नाकाशी धरायची, चार नावं वाचायची, कहकशां विचार करून एक सांगायची. शेवटी सत्यभामाने पाकीट फाडून यादी ताडून पाहिली आणि आकडा लिहिला. वाचला मात्र नाही.

"किती?"

"तीन."

"चार नावांतलं डोळे मिटून एक निवडलं तरी बारात तीन बरोबर येतात," कहकशां म्हणाली. "म्हणजे माझ्या नाकाने एकही सांगितलं नाही. नुसता अंदाज." ती हसायला गेली, जमलं नाही. "दर जानेवारीत मी स्वतःची परीक्षा घेते, चाचा. अब्बू गेले तेव्हापासून. दर वर्षी बारापैकी बारा. बाटल्या मीच मांडायची, नावं मीच लिहिलेली. माझी मलाच कॉपी."

"कधीपासून असंल हे?" सत्यभामाने हळूच विचारलं.

"काय माहीत! नागोरावला विचारलं होतं ना आपण? तो म्हणाला, मले तं येते वास." तिने कपाळ दाबून धरलं. "मी वीस वर्षं हाच रोग शिकले. दुसऱ्याच्या नाकात असता तर लगेच ओळखला असता."

मग तिने कागद ओढला. शहजादमियांना वाटलं, चला, आता रडेल, बरं होईल. पण ती लिहायला बसली. संस्थेला पत्र. लिहून झाल्यावर तिने ते त्यांच्यापुढे धरलं. "वाचा. तुमच्याबद्दल आहे."

त्यांनी अक्षर अक्षर लावून वाचलं. 'तीन खेपांचा माल मी नाकारला. तिन्ही खेपा चोख होत्या. तपासणाऱ्याचं नाक निकामी होतं. पुरवठादाराविषयी लिहिलेला प्रत्येक शब्द मी मागे घेते. यापुढे माल पास करण्याचं काम माझ्याकडे राहू नये.' खाली तिची सही, आणि सोबत जोडायला तिचा स्वतःचा फॉर्म.

कालपर्यंत या कागदासाठी त्यांनी काहीही केलं असतं. आता तो हातात धरवेना.

"तिसरी ओळ काढून टाक बेटी," ते म्हणाले. "नाकाची. मनजो, हवामान खराब होतं. मनजो, शिश्यांची झाकणं ढिली होती. मी कबूल करतो ना, झाकणं माहीच होती. सोमवारी तुह्यं सगळं काढून घेतील ते लोक. लालसिंगनं मले आणखी चार दिवस नळवाला मनलं तं काय झिजते?"

"तुमच्यासाठी नाही लिहीत मी ते." ती पहिल्यांदा चढ्या आवाजात बोलली. "तुम्हाला अजून समजलं नाही काय? शिश्या चोख होत्या, चाचा. पहिल्या खेपेपासून चोख होत्या!"

शहजादमियांनी कागद टेबलावर ठेवला.

"एकसष्ट माणसं," ती म्हणाली. "त्यांना मी निरोप पाठवला, शिश्या खराब होत्या, तुम्ही ठीक आहात. त्यांची परीक्षा खरी होती. खोटी माझी होती. ही ओळ काढली तर ते एकसष्ट जण ठीकच राहतात कागदावर."

सत्यभामाच्या तोंडातून "अगं माय!" निघालं आणि तिने दोन्ही हात तोंडावर दाबले. तो निरोप घरोघर तिनेच पोहोचवला होता. कोणी तिला चहा पाजला होता, कोणी खुशीने भुईमुगाच्या शेंगा पदरात घातल्या होत्या.

"सगळ्यांनाच होईल असं नाही," कहकशां म्हणाली, आणि हे ती कोणाला सांगत होती ते तिलाही कळत नसावं. "कितीतरी जणांचं नुसतं वय असेल. काहींची तंबाखू असेल. पण त्यांना खरं माहीत पाहिजे. पुन्हा तपासलं पाहिजे. अजून जे औषध हाताळतात त्यांना आधी."

सत्यभामाने कपाटातून बाजूला टाकलेल्या फॉर्मचा गठ्ठा काढला. वर लाल शाईने 'रद्द' लिहिलेलं होतं. तिने सुतळी सोडली, नापास झालेले कागद वेगळे काढले आणि एकेक नाव वाचायला लागली. गाव, वय, बारापैकी किती. कहकशां वहीत उतरवत होती. तिचं अक्षर नेहमीसारखंच सुबक येत होतं.

शहजादमियां उंबऱ्यावर बसून ऐकत होते. चार. दोन. तीन. पूनमसिंग, तांड्यावरचा, जो दर बाजाराला त्यांच्याकडून काजळ नेतो. उत्तमसिंग, त्याचा भाऊ. सुखीबाई. एकेक नाव येई आणि त्यामागे एक चेहरा येई, चालता बोलता, हसणारा.

"धम्मरत्न," सत्यभामाने वाचलं. "मुकुटबन. वय सव्वीस. बारापैकी दोन."

"सव्वीस?" कहकशांचं पेन थांबलं. "नीट पाहा. बासष्ट असेल."

सत्यभामाने कागद खिडकीशी नेऊन पाहिला. "सव्वीसच आहे मॅडम. मीच लिहिलं आहे. दुसऱ्याच्या वावरात रोजानं फवारते. लगन ठरलं आहे मनत होता."

कहकशां उठली. पत्र तिने पाकिटात घातलं, चिकटवलं आणि शहजादमियांच्या हातात दिलं. "हे रजिस्टर पोस्टाने टाका, चाचा. सोमवारपर्यंत माझा विचार बदलायला नको. आज शनिवार आहे, खिडकी लवकर बंद होते. आणि परत येताना जीप बघा."

"कुठची?"

"मुकुटबनची. तिथवर नसली तर वणीपर्यंत, पुढचं पुढे पाहू. त्याला आधी गाठायचं." ती शिश्यांची पेटी बंद करत होती, आकड्यांची. "तुम्ही सोबत यायचं. या हुंगून पास करायला मला नाक लागेल."

शहजादमियांनी पाकीट सदऱ्याच्या आतल्या खिशात घातलं. पायात चपला सरकवताना डावी उजवी कळेना, इतके ते हादरलेले होते. तसेच ते डाकघराच्या दिशेने निघाले, घाईघाईने, जवळजवळ पळत.

"काय मियां," लालसिंग टपरीवरून ओरडला, "पाणी संपलं काय? कुठी पळून राह्यले?"

"जीप पाह्यून ठेव रे मुकुटबनची!" शहजादमियां न थांबता ओरडले. "तीन सवाऱ्या! निघाली तं अडवून धर तिले!"

लालसिंगने त्यांचा चेहरा पाहिला आणि हातातलं पान खाली ठेवलं.